शुभाताई एकतीस नंबरमध्ये राहत होती

शुभाताई, अन्याय तुझ्यावर झाला. शुभांगी घाडी, खोली नंबर एकतीस, तिसरा मजला, लालबाग. यंदा अनंत चतुर्दशीनंतर जो पहिला सोमवार आला, त्या सोमवारी भर दुपारी बिल्डरच्या सर्व्हेवाल्याने तुझ्या दारावर खडूने 'बंद' असं लिहिलं. दार तेव्हा सताड उघडं होतं. उंबऱ्यात मी उभी होते. शेजारच्या बत्तीस नंबरवरही त्याने तेच लिहिलं. तेही उघडंच होतं.

हे पहिल्याच परिच्छेदात लिहितेय, कारण माझ्या पत्रकांबद्दल तुझी कायमची तक्रार होती की मी आधी अर्धं पान संतापते आणि कोणाचं काय गेलं ते शेवटी, जागा उरली तर सांगते. घे. या वेळी आधी सांगितलं.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. कशी गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना हवं होतं त्यांनी माईला फोन करकरून विचारून घेतलं. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, धावपळीने गेली. जणू दोष तुझ्या पायांचा होता. एरवी मी यावर जिन्यातच भांडण काढलं असतं. पण दमलेय गं. संतापाला सुद्धा अंगात थोडं बळ लागतं, हे मला माहीत नव्हतं.

आता प्रश्न माईचा आहे. तुझ्या आईला आख्खी बिल्डिंग माई म्हणते. तुझी इंदूरला बदली झाली तेव्हा तिला इथे एकटी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तू तिला सोबत नेलंस. तू गेल्यावर बँकेचं क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून तिला दादरला तिच्या भाचीकडे आणून ठेवलंय. भाची चांगली आहे. पण दोन खोल्यांत पाच माणसं आहेत, आणि माई दिवसभर सोफ्याच्या एका टोकाला बसून असते, कोणाच्या वाटेत यायला नको म्हणून पाय पोटाशी घेऊन. मी गेले की घरी नेण्याचं एवढंच विचारते, "मनू, माका घराक कधी व्हरतलंस?" घर म्हणजे एकतीस नंबर. आणि पुनर्विकासासाठी बिल्डरने केलेल्या यादीत एकतीस नंबर 'बंद' आहे, म्हणजे तिथे कोणी राहत नाही. पुढच्या बुधवारी सरकारी कचेरीत त्याची सुनावणी आहे. तुम्ही दोघी इथे राहत होतात असं ठरलं तर खोली माईच्या नावावर होईल आणि नव्या इमारतीत तिला घर मिळेल. नाही ठरलं तर ती त्या सोफ्यावर.

हे मी छापून गल्लीत वाटणार आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

आपल्याकडे, लालबाग-परळमध्ये, प्रमोशन नाकारायची एक रीत होती. बँकेत, विम्यात, पोस्टात लागलेली माणसं क्लार्क म्हणून चिकटायची आणि त्याच टेबलावरून रिटायर व्हायची. प्रमोशन म्हणजे बदली. बदली म्हणजे खोलीला कुलूप. आणि पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोलीला कुलूप दिसलं की मालक कोर्टात जाणार, की भाडेकरू राहत नाही, खोली परत द्या. म्हणून साहेबाने प्रमोशनचं पत्र पुढे केलं की आपली माणसं हात जोडायची. घरी येऊन बायकोला सांगायची, आणि बायको संध्याकाळी गोडाचं करायची. नोकरी जिथल्या तिथे राहिली, खोली वाचली. आपल्या बिल्डिंगच्या भाडेकरू समितीचे अध्यक्ष दत्ताकाका, एकोणतीस नंबरचे, त्यांनी असं एकदा नाही, अनेकदा केलं. हाताखाली शिकलेली पोरं साहेब होऊन आली, तरी काका कॅशच्या खिडकीत. त्यांचा या गोष्टीचा अभिमान खरा आहे आणि त्याखालचं दुखणंही खरं आहे.

तुला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म दत्ताकाकांनीच आणून दिला होता. तुझे बाबा मिल बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी करायचे आणि काकांकडे वर्तमानपत्र वाचायला जायचे. काका म्हणाले, पोरीला बँकेत टाक, जन्माचं कल्याण होईल. तू लागलीस. मग ऑफिसरची परीक्षा आली तेव्हा काकांनी तुला बोलावून समजावलं की बस झालं, इथेच राहा, खोली सांभाळ. तू त्यांच्या पाया पडलीस आणि फॉर्म भरलास.

एवढ्यावर थांबली असतीस तरी लोकांनी माफ केलं असतं. पण तू बत्तीस नंबरही घेतलीस. शेजारच्या तावडेकाकांना गावी, कणकवलीकडे, घर बांधायचं होतं. त्यांनी खोली काढली आणि तू साठवलेलं सगळं घालून ती पागडीने घेतलीस. त्या दिवशी तू गॅलरीत उभी राहून मला तुझी योजना सांगितलीस. मी कॉलेजात होते, तू माझ्यासाठी जगातली सगळ्यात शहाणी बाई होतीस, आणि ती योजना ऐकून मला तुझा राग आला. बिल्डिंग आज ना उद्या पुनर्विकासाला जाईल. एकतीसच्या जागी मिळेल त्यात तू आणि माई राहाल. बत्तीसच्या जागी मिळेल ते भाड्याने जाईल. तोवर नोकरीत जेवढं चढता येईल तेवढं चढायचं, पन्नाशी उलटली की राजीनामा देऊन टाकायचा आणि कोणत्याही साहेबापुढे पुन्हा उभं राहायचं नाही.

मी म्हणाले, ती तावडेकाकांची खोली आहे, तुझी गुंतवणूक नाही. तू म्हणालीस, तावडेकाका विकणारच होते, मी नसती घेतली तर बिल्डरच्या माणसाने घेतली असती. मी म्हणाले, प्रत्येक घेणारा हेच म्हणतो. तू हसलीस. मग एकदम गंभीर होऊन जे म्हणालीस ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"मनू, लग्न मी केलं नाही. भाऊ मला नाही. नोकरी आहे ती बँकेची आहे, माझी नाही. माझं असं काय आहे ते तू सांग, मी बत्तीस नंबर सोडते."

मी मानलं नाही. हा वाद आपण पुढे कित्येक वर्षं चालवला, कधी चहावर, कधी फोनवर, आणि तो मिटला नाही. मी आजही म्हणते की राहायला घर नसलेल्यांच्या शहरात दुसरं घर धरून ठेवणं बरोबर नाही. तू गेलीस म्हणून मी मत बदललेलं नाही. मेलेल्या माणसाशी खोटं सहमत होणं हा त्याचा अपमान आहे, असं मला वाटतं. तूच म्हणाली असतीस, पुढारीण लगेच ढेपाळली.

पुढारीण. हे नाव तू ठेवलंस. मी जिना चढताना दिसले की वरून आवाज यायचा, "काय पुढारीणबाई, आज कोणाचा निषेध?" आणि गंमत अशी की त्या निषेधांची बहुतेक पत्रकं मी तुझ्या बत्तीस नंबरमध्येच लिहिली. आमच्या तेहतीसमध्ये टीव्ही, भाऊ, पाहुणे. तुझ्या बत्तीसमध्ये एक टेबल, एक पंखा, तुझी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं. तू टेबलाच्या एका बाजूला कर्जाचे नियम पाठ करायचीस, मी दुसऱ्या बाजूला बिल्डरांना शिव्या लिहायचे. लिहून झालं की तू पेन्सिल घ्यायचीस. 'लुटारू' या शब्दाखाली रेघ मारून विचारायचीस, कोणी लुटलं? काय लुटलं? कोणत्या कागदावर? ते लिही. नुसतं लुटारू काय, भांडीवाली बाईसुद्धा म्हणते. मी चिडायचे. मग ते लिहायचे. ज्या पत्रकांमुळे भाडेकरूंच्या कामात माझं थोडं नाव झालं, त्यांच्यात तुझी पेन्सिल आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या गुंतवणुकीच्या टेबलावर बसून मी गुंतवणूकदारांविरुद्ध लिहायला शिकले, हे तोंडाने म्हणायची लाज वाटायची.

मग मॅनेजरचं प्रमोशन आलं आणि त्याबरोबर इंदूर. सगळ्या मजल्याने गृहीत धरलं की आता तू हात जोडणार. दत्ताकाकांनी तर माईला पेढेसुद्धा आणायला सांगितले, नकाराचे. आणि तू होकार देऊन आलीस.

दोन हातांत नोकरी आणि खोली दोन्ही धरायचं तू ठरवलंस, आणि त्यासाठी जे केलंस ते आपल्याच माणसाला सुचू शकतं. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी. शुक्रवारी ब्रँच बंद करून, माईला तिथल्या शेजारणीवर सोपवून निघायचं, शनिवारी सकाळी इथे. सोबत एक मोठी निळी पिशवी. पिशवीत धुवायचे कपडे. पंधरा दिवसांचे, तुझे आणि माईचे. ते इथे आणून धुवायचे आणि एकतीस-बत्तीसच्या समोरच्या दोरीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळत घालायचे. का, तर दोरीवर कपडे दिसले म्हणजे माणूस राहतो. आपल्याकडे राहण्याचा याहून मोठा पुरावा नाही. माईचं लुगडं तर तू मुद्दाम कडेला घालायचीस, खालून अंगणातून दिसेल असं.

पहिल्यांदा तू ती पिशवी उघडलीस तेव्हा चौतिसातल्या राऊळकाकी कठड्याला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "इंदुराक पाणी नाय काय गो?"

"पाणी आसा काकी," तू म्हणालीस, "पण थयच्या दोरयेक भाडेपावती नाय."

काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढे तो मजल्याचा विनोदच झाला. शुभाची धुणी आली म्हणजे दुसरा शनिवार.

मी हसले नाही असं नाही. पण एका शनिवारी दुपारी मी बत्तीसमध्ये आले तेव्हा तू जमिनीवर झोपली होतीस. सतरंजीसुद्धा घेतली नव्हतीस. हात उशाला, तोंड उघडं, पुढे पुस्तक, कारण त्या महिन्यात वरच्या पदाची मुलाखत होती. तो चेहरा गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याने बघू नये म्हणून मी हळूच दार लोटलं. कडीचा आवाज झाला असेल. तू डोळे न उघडता म्हणालीस, "दार उघड मनू. बंद दिसतं."

मी उघडलं. तू पुन्हा झोपलीस, तशीच, सगळ्यांना दिसेल अशी. तुझी सगळी कमाई त्या दोन दारांत होती आणि त्यांतलं एकही तुला झोपण्यापुरतं लावून घेता येत नव्हतं. त्या दिवशी मी तुझ्याशी वाद घातला नाही. तुला वाटलं असेल, मला काम होतं.

इंदूरची माणसं तुला म्हणायची, मॅडम, मुंबईच्या त्या खुराड्यांचे जे येतील ते घ्या आणि इथे बंगला बांधा. तू म्हणायचीस, बंगला बांधला की मी इंदूरची. मग कोणी विचारलं कुठली, तर काय सांगू? आणि इथली माणसं म्हणायची, आता साहेबीण झालीस, सोड की खोली कोणाला तरी. दोन्हीकडच्यांना तुझ्या आयुष्याचा हिशोब तुझ्यापेक्षा सोपा वाटायचा. मलाही वाटायचा.

आता तो सोमवार. तू चौथ्या शनिवारची आलेली, रविवारी दुपारी परत निघालेली. दोरीवरचे कपडे काढून, घड्या घालून, पिशवीत भरून नेलेस. संध्याकाळी खाली नोटीस लागली की उद्या सर्व्हे. ज्याला कोणाला ती तेव्हाच लावायची सुचली त्याला दुसरा-चौथा शनिवार चांगला पाठ असणार. मी तुला फोन केला. तू गाडीत होतीस. सोमवारपासून ब्रँचचं ऑडिट होतं आणि मॅनेजरनेच गैरहजर राहून चालणार नव्हतं, त्यातून वरच्या पदाचा निकाल लागायचा होता. तू आधी हे सगळं सांगितलंस. मग म्हणालीस, चावी तुझ्याकडे आहे, दोन्ही खोल्या उघड, गॅस दाखव, गाद्या दाखव, देव दाखव, आणि काकांना बोलाव. काका आहेत ना, मग काळजी नाही.

मी सगळं उघडलं. सर्व्हेवाला आत आला, गॅसकडे बघितलं, देव्हाऱ्याकडे बघितलं, आणि मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, शेजाऱ्यांचं घेत नाही, समितीचं कोणी आहे का? दत्ताकाका कठड्याशी उभे होते. त्याने त्यांना विचारलं, या बाई इथे राहतात का?

काका म्हणाले, "येतात-जातात."

बस. एवढंच. त्याने खिशातून खडू काढला.

तो गेल्यावर मी काकांना धरलं. ओरडले नाही, ते तरी लक्षात ठेव. मी विचारलं, काका, राहते म्हणायला काय झालं होतं? ते म्हणाले, "मी प्रमोशन सोडलं, एकदा नाही, दर वेळी, म्हणून माझी खोली राहिली. हिला नोकरी पण हवी, खोली पण हवी, वर दुसरी खोली पण हवी. मग आम्ही काय मूर्ख होतो?"

शुभाताई, मला पत्रकात खलनायक लिहायची सवय आहे. बिल्डर, मालक, दलाल. त्या दिवशी काकांच्या तोंडाकडे बघून मला तो शब्द लिहिता आला नाही. तो माणूस जन्मभर खिडकीत बसून राहिला ते या खोलीसाठी, आणि समोर एक बाई दाखवून गेली की कदाचित बसायची गरज नव्हती. तो तुला खोटं पाडत नव्हता. स्वतःचं जगणं खरं ठरवत होता. पण त्याची किंमत माई सोफ्यावर बसून देतेय, म्हणून मी माफही करू शकत नाही.

तुला मी तेव्हाच सांगितलं. तू विचारलंस, "काका असं म्हणाले? रागाने म्हणाले?" मी म्हटलं, नाही, साधंच म्हणाले. तू म्हणालीस, मग वाईट झालं.

नंतरच्या आठवड्यात समितीकडून निरोप आला. बत्तीस सोड, म्हणजे एकतीसमध्ये तू राहतेस असं आम्ही लिहून देतो. म्हणजे तू राहत होतीस हे त्यांना माहीत होतंच. फक्त त्या वाक्याचा भाव ठरायचा होता. आणि तू मला, मलाच, फोन केलास. म्हणालीस, तुझं तर आधीपासून मत आहेच. तू सांग, सोडू का?

मला वाटलं होतं, ज्या दिवशी तू हा प्रश्न विचारशील त्या दिवशी मी जिंकलेली असेन. मी म्हटलं, "सोडू नकोस. तुला स्वतःला वाटेल तेव्हा दे टाकून, मी नाचेन. पण धमकी देणाऱ्याला नको."

पलीकडून तू हसायला लागलीस. थकलेलं हसू, मधेमधे श्वास घेत. "पुढारीण," म्हणालीस, "तू गुंतवणूकदार झालीस." मग माई काहीतरी मागत होती म्हणून फोन ठेवलास. या महिन्यातले शनिवार ऑडिटमध्येच जातील, दिवाळीनंतर येते, बसून बोलू, म्हणालीस. मला बसून बोलायचं होतं. मला सांगायचं होतं की तुझं बरोबर नव्हतं, पण तू जे मागत होतीस ते जास्त नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मला तेव्हा जुळवता येत नव्हतं. आजही येत नाही. तू पेन्सिल घेऊन बसली असतीस तर आलं असतं कदाचित.

त्याऐवजी इंदूरहून फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर जिन्याजवळच्या फळ्यावर दत्ताकाका लिहीत होते. बिल्डिंगमधलं कोणी गेलं की फळा तेच लिहितात, त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी मागे उभी राहून वाचलं. 'आपल्या बिल्डिंगमधील खोली नं. ३१ च्या रहिवासी शुभांगी घाडी यांचे इंदूर येथे दुःखद निधन झाले.'

मी म्हटलं, काका, रहिवासी लिहिलंत.

ते वळले नाहीत. "मग काय लिहू?" म्हणाले. "पाहुणी?"

मी म्हटलं, हेच त्या सोमवारी म्हणाला असतात तर.

काकांनी बोटांवरची खडूची पूड झाडली. मग म्हणाले, "तेव्हा ती होती गं."

या वाक्याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, आपल्या सगळ्यांचंच ते वाक्य आहे. बाई जिवंत असते, चढत असते, स्वतःच्या नावाने काही घेत असते, तोवर ती येते-जाते. गेली की आपली होते. मग फळा निघतो, हार निघतो, राऊळकाकी माझ्या गळ्यात पडून रडतात, आणि सगळी बिल्डिंग सांगते की शुभा आमच्या मजल्यावरची. मजल्यावरची होती तर यादीत का नाही?

फळ्याचा फोटो मी काढून ठेवलाय. पण वकील म्हणतात, फळा म्हणजे पुरावा नाही. माणूस उभा राहून बोलला पाहिजे. काकांना मी विचारलं, याल का? ते म्हणाले, बघतो. राऊळकाकी म्हणाल्या, समितीच्या विरुद्ध कसं जायचं गो, उद्या आमचंच नाव काढतील. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, सुनावणी असते कामाच्या दिवशी, रजा कशी टाकणार? हे ऐकून मला हसू आलं. तू असतीस तर तुलाही आलं असतं.

शुभाताई, आता तुझ्याशी बोलणं थांबवते, कारण ज्यांच्याशी बोलायला हवं ते हा कागद हातात धरून उभे आहेत.

दत्ताकाका. राऊळकाकी. दुसऱ्या मजल्यावरचे सगळे. आणि या गल्लीतले तुम्ही, ज्यांनी तिला चौकातल्या डेअरीत दूध घेताना, गणपतीत रांगोळी काढताना, वडिलांना दवाखान्यात नेताना बघितलंय. बत्तीस नंबरबद्दल तुमचं जे मत असेल ते असू द्या, माझंही आहे. त्यासाठी तुम्हाला बोलावत नाही. बुधवारी दुपारी सुनावणी आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाका. आधार कार्ड सोबत घ्या. ज्याला पत्ता माहीत नाही त्याने तेहतीस नंबरमध्ये विचारावं, मी घेऊन जाईन. अधिकारी विचारेल, ही म्हातारी आणि तिची मुलगी कुठे राहत होत्या. माई समोरच्या खुर्चीवर बसलेली असेल. तिच्याकडे बघून उत्तर द्या.